दोन हजार अक्षरांत

चौथा प्रश्न: तुम्हाला कोणापासून धोका आहे?
उत्तर दोन हजार अक्षरांत.
मधल्या रिकाम्या जागाही अक्षरंच धरल्या जातील.

आमची मशीद म्हणजे पूर्वीचा बोलिंगचा हॉल,
आयोवातल्या या गावात, धान्याच्या कोठारामागे.
गालिच्याखाली मेपलच्या पट्ट्या अजून रस्त्याकडे धावतात,
वर आमच्या रांगा मक्केकडे, तिरक्या.
मी इथली खजिनदार.
बावीस वर्षं मांसाच्या कारखान्यात सुऱ्यांना धार लावली,
हिशेबाला पक्की.

लिहिलं: एक पत्र, टाइप केलेलं, एकही चूक नाही.
दोन फोन. दुसऱ्यात नुसता श्वास.
पार्किंगमध्ये एक ट्रक, तीन शुक्रवार, इंजिन चालू.
झाली जेमतेम दीडशे अक्षरं.
सेनाद कॉलेजात जातो, तो म्हणाला,
मावशी, अजून घाबरून लिहा,
ज्याचं भय मोठं त्याला गुण जास्त.

मला घाबरता येतं रे.
ज्या गावाहून आले तिथं दारावर थाप मारणाऱ्याचं
नाव मला ठाऊक होतं,
त्याच्या बहिणीच्या लग्नात मी नाचले होते.
पण ते या रकान्यात बसत नाही.
धोका याच पत्त्यावरचा हवा, अलीकडचा हवा.
तीस वर्षं कुणाला कीव करू दिली नाही
आणि आता सरकारला सांगायचं,
बघा, आमच्या खिडक्या केवढ्या,
आमचं दार कसं आ वासून उभं.

सांगितलं. मंजूर झालं.
मग कळलं, आधी खर्च, मग पावत्या, पैसे त्यानंतर.
म्हणजे आधी पदरमोड.
अकरा शनिवार आम्ही बायकांनी पिटा लाटली,
टेबलावर चादर अंथरून,
पारी इतकी पातळ की खालची फुलं दिसावीत.
एका खिडकीला चारशे सत्तर पिटा.

काचांवर आता एक पापुद्रा आहे,
फुटल्या तरी सांडणार नाहीत.
पहाटेचा उजेड दुधाच्या विसळलेल्या बाटलीतून यावा तसा येतो.
दारापुढे सिमेंटच्या सहा कुंड्या, पाऊण पाऊण टनाच्या,
कागदावर त्यांचं नाव वाहन-अवरोधक.
मी त्यांत मिरच्या लावल्या.
निरीक्षकानं कुंडी बुटानं ठोकून पाहिली,
मिरच्यांविषयी काही लिहिलं नाही.

एल्डन वोल्ड, शेजारचा, लुथरन, वय एक्याऐंशी.
दर ऑगस्टला झुकिनी घेऊन येतो,
न विचारता, थेट स्वयंपाकघरात,
सिंकपाशी पिशवी ठेवतो,
नळ गळत असला तर वायसर बदलून जातो.

या ऑगस्टमध्ये तो पडद्यावर दिसला.
वरून: एक टोपी, एक पिशवी.
दार ओढलं. पुन्हा ओढलं.
मग टोपी काढून कॅमेऱ्याकडे पाहिलं,
पासपोर्टच्या फोटोसाठी पाहतात तसं.
बटण माझ्या बोटाखाली होतं.
आधी नाव विचारायचं, मग काम,
प्रशिक्षणात आम्ही एकमेकींना हसत हसत विचारलं होतं.
मी काहीच विचारलं नाही.
पाहत राहिले.
रेकॉर्डिंगमध्ये आहे: नऊ सेकंद.

नऊ सेकंद मी त्याला बाहेर ठेवलं
आणि, अल्ला माफ करो, मला बरं वाटलं.
त्याचा राग नव्हता. त्याची भीती तर कधीच नव्हती.
आयुष्यात पहिल्यांदा एक दार
माझं ऐकत होतं.

मग दाबलं.
कुलूप गांधीलमाशीसारखं गुणगुणलं.
तोवर पिशवी पायरीवर होती
आणि तो कुंड्यांमधून वाट काढत निघालेला,
दोन मिरच्या तोडून शर्टाच्या खिशात घातलेल्या.
हाक मारली. त्याला कमी ऐकू येतं.

त्याच्यासाठी दाराचं कार्ड करायला टाकलंय, फोटो लागेल.
फोटो कशाला, म्हणतो, मी काय नवीन आहे?

अहवाल महिनाअखेर द्यायचा.
जोखीम कमी झाली का: हो, नाही, अंशतः.
स्वयंपाकघरात बसून भरतेय.
नळ गळतोय.