उष्टं

कानाकच्या पुढे, एप्रिल लागल्यावर,
इनुतेकनं पहारीनं बर्फाची लादी फोडली
आणि उलटी केली.
खालची बाजू तपकिरी.
चहाच्या भांड्याला बसतो तसला डाग.

"घाण," पिपालुक म्हणाली. आठ वर्षांची.
त्यानं हातमोजा काढला,
डाग नखानं खरवडून तिच्या नाकाशी धरला.
मासळीचा वास,
मासळी व्हायच्या आधीचा.

चार महिने इथं सूर्य नव्हता.
परतला तोही कोपर टेकल्यासारखा, तिरपा.
हिमातून, मग हातभर बर्फातून
गाळून गाळून खाली किती पोचणार?
दिवा मालवल्यावर वातीत उरतो, तेवढा.
तेवढ्यावर ह्यांचं भागतं.
ना चूल, ना धूर.
पाणी, कुणीतरी टाकलेला श्वास,
चिमूटभर क्षार.
स्वयंपाक हा शब्द
खरं तर ह्यांच्यासाठीच राखून ठेवायला हवा होता.
आपण सगळे पंगतीतले.

छताला उलटं लटकून चरणारा
नखाएवढा झिंगा.
त्याला कॉडनं गिळलं,
कॉडला सीलनं,
आणि सील आत्ता जमिनीवर, पुठ्ठ्यावर,
तुकुम्मेकच्या अर्धचंद्री सुरीखाली.
वाफ खिडकीच्या काचेला चिकटते.
वाटेतल्या प्रत्येकानं आपला वाटा जाळला:
ऊब म्हणून, पळापळ म्हणून,
नुसतं जिवंत राहणं म्हणून.
दहा घासांतला एखादा
कसाबसा पुढच्या तोंडात गेला.
तीन तोंडांचं उष्टं,
आणि तरी इतकं गोड.

बाहेर कुत्री ओरडतायत. त्यांनाही हिशोब कळतो.

यंदा बर्फ उशिरा धरला.
इनुतेक हे जेवताना काढत नाही.
छतच नसेल तर
छताला लटकणारं रान कुठं लटकेल,
हेही नाही.

"मग तो काय खातो?"
"कोण?"
"डाग."

तुकुम्मेकची सुरी थांबते.
"उजेड," इनुतेक म्हणतो.
पिपालुक हसते. काहीतरीच!

काळजाचा गरम तुकडा तळहातावर तसाच ठेवून
ती खिडकीशी जाते,
डोळे मिटते, तोंड उघडते.
बराच वेळ.

मग जीभ आत घेते,
चव आठवल्यासारखी,
आणि काळीज खाते.