विषय : रजा मिळणेबाबत

पूर्णा नगरपालिकेत एकोणतीस वर्षं
आवक-जावकचं रजिस्टर माझ्याकडं आहे.
अध्यक्ष बदलले, शाई तीच.

व्यंकटराव काळबांडे मूळचे लोको शेडचे फिटर.
युनियनच्या गेटसभेला आधी सतरंजी टाकायचे,
मग माईक धरायला लागले, मग सोडेनातच.
वॉर्ड सहाचे मेंबर, पाणीपुरवठा सभापती,
आणि एका उन्हाळ्यात, चौदा मतांनी, अध्यक्ष.
त्या दिवशीच्या गुलालानं
माझ्या रजिस्टरची कड अजून गुलाबी आहे.

पाणी तेव्हा नवव्या दिवशी यायचं.
दहावा उजाडला की त्यांच्या दारात घागरी,
आणि अध्यक्ष रात्री दोनला पंपहाऊसवर,
हातात पाना, सोबतीला कुणी नाही.

मग त्यांचं बोलणं कमी कमी झालं.
सहीला पेन टेकवायचे आणि तसेच बसायचे,
कागदावर शाईचा ठिपका पसरत जायचा.
मी खालून पुठ्ठा सरकवायचो.
ऑफिस सुटलं तरी घरी जायचे नाहीत,
अभ्यासिकेत बसायचे, एमपीएससीच्या पोरांत.
तिथं हत्तीअंबीरेंची प्रणिता त्यांना म्हणाली,
काका, नॉर्वे म्हणून देश आहे.
तिथला एक पंतप्रधान, खुर्चीवर असताना,
म्हणाला मन थकलंय, आणि रजेवर गेला.
लपवलं नाही. तीन-साडेतीन आठवड्यांनी कामावर हजर.
पुढं पुन्हा एकदा पंतप्रधान झाला.
"हे परीक्षेला येतं का?"
"नाही काका. असंच वाचलं."

दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या नकाशात आम्ही नॉर्वे शोधला.
अगदी वर, अर्धा चौकटीखाली, उरलेल्या अर्ध्यावर वाळवी.
मी म्हटलं, उन्हाळ्यात तिथं सूर्य बुडत नाही म्हणे.
"मग त्यानं रजेचे दिवस मोजले कशावर?"
मी हसलो. ते हसले नाहीत.

आवक क्रमांक ४१७.
एकवीस दिवस रजा मिळणेबाबत. कारण : मन ठीक नाही.
म्हटलं साहेब, कावीळ लिहा, मणक्याचं लिहा,
शुगर लिहा, निम्म्या सभागृहाला आहे.
मनाला इथं रकाना नाही.
"मोईनभाई, इंजिन शेडात आणलं
तर त्याला कुणी इचारतं का, लाज कामून नाही वाटली म्हणून?"
मी शिक्का मारला. तारीख उलटी उमटली.

दुपारपर्यंत टपऱ्यांवर ते वेडे झाले होते.
संध्याकाळी बाहेरची बाधा.
सभेत बोखारे मेंबर उठले :
ज्याचं मन ठिकाणावर नाही
त्यानं सह्या केलेल्या ठरावांचं काय?
बाकं वाजली. इतिवृत्त मीच लिहिलं,
बाकं वाजल्याचं लिहिलं नाही.

ते एकवीस दिवस कुठं होते, नक्की कुणालाच माहीत नाही.
कुणी म्हणे नांदेडला डॉक्टरकडं,
कुणी म्हणे बहिणीकडं.
मला एकदाच दिसले, यार्डाच्या टोकाला,
मोडीत काढलेल्या डब्याच्या पायरीवर
शेंगा फोडत. मी सायकल वळवली.

बाविसाव्या दिवशी माझ्याआधी हजर.
त्र्याहत्तर सह्या बाकी होत्या.
एकाही कागदावर ठिपका नाही.

पुढचं मात्र नॉर्वेसारखं झालं नाही.
पुढच्या निवडणुकीत डिपॉझिट गेलं.
आता घरपट्टी भरायला येतात, रांगेत उभे राहतात,
सुटे पैसे मोजून आणलेले असतात.

बोखारे अध्यक्ष आहेत.
गेल्या गुरुवारी शिपाई गेल्यावर दार लोटून म्हणाले,
तो काळबांडेंचा अर्ज, त्याचा नमुना असेल का?
पाहुण्यातल्या एकाला पाहिजे.
मी झेरॉक्स दिली. कुठला पाहुणा, विचारलं नाही.

रजेचे अर्ज 'ड' वर्गात जातात,
वर्ष सरलं की नष्ट करायचे.
तो एक मी 'अ' वर्गात बांधलाय, लाल फडक्यात,
गावठाणाच्या मोजणीशेजारी. कायम जतन.
तपासणीत कुणी विचारलंच तर सांगीन, नजरचूक.
दोन वर्षं राहिलीत माझी.
चष्माही बदलायला झालाय.