कोमट

ग्रोनिंगेन. फेब्रुवारी. कालवा गोठलेला.
वीत्स्के हातमोजे दातांनी ओढते
आणि रेडिएटरला पाठ लावून आलेख उघडते.
शेजारची दीर्घिका. शेजारची म्हणजे
तीन कोटी प्रकाशवर्षं, बोलायची पद्धत.

हायड्रोजनचे दोन अणू, अगदी सारखे,
एकमेकांना इतके पुरलेले
की थंडीत अवाक्षर काढत नाहीत.
त्यांच्या वतीनं कार्बन मोनॉक्साइड बोलतो,
जशी बाबांच्या वतीनं आई बोलायची:
"यांना बरं वाटलं हं, तू आलीस."

पण कुठं ढगावर ढग आदळतो,
रेणू गरगरतो, आणि सावकाश होताना
सोडतो एक बारीक रेघ.
अठ्ठावीस मायक्रॉन.
एवढीशी ऊब दिसायला
दुर्बिणीला आधी स्वतः गारठावं लागतं.

आईला पुरून आल्यावर
येल्ले हुक्स्त्रा, पुलाचे निवृत्त रखवालदार,
किटली हातात धरून उभेच राहिले.
"चाळीस वर्षं ती मला साखरपावाची कड देत आली.
मला कड आवडत नाही."
मग किटली ठेवली.

वीत्स्के रेघेभोवती पेन्सिलीनं गोल करते.
गोंगाटाच्या जेमतेम वर आहे.
आहे पण.