नंबरी

जेलरोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी नोटांचे नंबर तपासले.
बोटं अजून खाजतात.
म्हणून भाद्रपदात अळूची पानं चाळणी झाली
आणि हेमलता मिठाची बरणी घेऊन निघाली, तेव्हा
म्हटलं, थांब. आधी मोजू.

एकोणीस भरल्या.
तिच्या भाचीच्या लग्नातली नेलपॉलिश,
डाळिंबी, तळाशी घट्ट झालेली.
काडीनं एकेकीच्या पाठीवर आकडा.
सात ओला असतानाच ती चालू लागली,
त्यामुळे तो एकसारखा दिसतो.
असली नोट आम्ही बाद केली असती.

दिवेलागणीला सगळ्या टोपलीत,
आणि भिंतीवरून निमसेंच्या पालकात अलगद सोडल्या.
(अलगद म्हणजे, भिंत साडेपाच फूट. मी पाच दोन.)
हेमलता म्हणाली, शेजारधर्म?
म्हटलं, प्रयोग आहे.

वही घातली. लाल रेघ, चार रकाने.
पहिल्या रात्री कोणी नाही.
दुसऱ्या रात्री टॉर्च घेऊन उकिडवा बसलो,
गुडघा वाजला, तेवढाच आवाज.
तिसऱ्या पहाटे भिंतीच्या माथ्यावर,
रोवलेल्या काचांतून वाट काढत
अकरा नंबर.
शिंगं पुढे, घाई नाही, लाज नाही,
नाशिकरोडला उतरून
रिक्षाचे पैसे वाचवत चालत आल्यासारखी.
मग चार. सोळा. सात, किंवा एक.

गोगलगाय आणि पोटात पाय, हेमलता म्हणाली,
आणि मग जरा थांबून,
घर तर पाठीवरच आहे हिच्या,
परत यायचं म्हणजे कुठं?
मी ते रकान्यात बसवून पाहिलं. बसेना.
निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी
मी डबा घेऊन प्रेसच्या गेटपर्यंत गेलो होतो,
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

सहाव्या दिवशी कढीपत्त्याखाली
तेवीस नंबर सापडली.
निळ्या रंगात. तीनला शेपटी.
एकोणीसच्या पुढे मी काढलंच नव्हतं!
बनावट, मी ओरडलो,
आणि भिंग आणायला आत धावलो.

बाहेर येतो तर भिंतीवर एक डोकं,
उलट्या बादलीवर उभं.
निमसेंची कृत्तिका, सहावीतली,
कानामागे ब्रश.
काका, तुमच्या आमचा पालक खातात.
मी रोज नंबर टाकून परत पाठवते.

रोज?
रोज.
वहीकडे बघवेना.
म्हणजे आली कोण,
आणि आणून टाकली कोण?
आत हेमलता हसत होती, कुकरची शिट्टी बुडवून.

आणि अकरा? मी हळूच विचारलं.
अकराला मी हात नाही लावला,
कृत्तिका म्हणाली,
ती आपली आपण जाते.
मग कोणी विचारलं नसताना,
येतेसुद्धा.

पाचवा रकाना आखलाय. अक्षर तिचं, शेपटीवालं.
नेलपॉलिश संपली.
मिठाची बरणी फडताळात वर गेली आहे,
आणि अळू हेमलता आता बाजारातून आणते,
पावती माझ्यापुढे ठेवते,
मी नंबर तपासतो.