सत्त्याण्णव पूर्णांक दोन

पूर्ण ओहोटी सहा बावन्नला.
दिवाळ्याच्या जेटीवरून होडी सोडताना
हसुरामदादांनी विचारलं, "कंचा चिखल पायजे?"
दुकानदार विचारतो ना, कुठला तांदूळ, तसं.
पाय धरणारा, पाय सोडणारा,
आणि तिवरांखालचा काळा, नासक्या अंड्याच्या वासाचा.
मी तिसरा घेतला.
पन्नास ग्रॅम, निर्जंतुक चमच्यानं,
कोपरापर्यंत लडबडलेल्या हातानं.

नवव्या दिवशी एका बशीत ठिपका उगवला.
टाचणीच्या डोक्याएवढा,
उकडलेल्या कोलंबीच्या रंगाचा.
तीन टक्के मीठ दिलं की खूश,
नाही दिलं की रुसतो.

मग चौकशी.
ग्रॅमच्या रंगात गुलाबी. अंगानं काडी. शेपूट एकच.
ऑक्सिडेज? हो.
युरिया? नाही.
साखर खातोस? जराशी.
बरं, माणसं कुठली तुझी?
जनुकातली पंधराशे अक्षरं वाचली,
जगभरच्या वह्यांशी ताडली.
सगळ्यात जवळचा भाऊबंद कोरियाच्या किनाऱ्यावर,
सत्त्याण्णव पूर्णांक दोन टक्के.
अठ्ठ्याण्णव पूर्णांक सातच्या आत असला
की समजायचं, ओळखीत कुणाचाच नाही.
म्हणजे नवा.

'नवा' टाइप करताना बोट अडलं.
हा खाडीपुलाच्या आधीचा,
मिठागरांच्या आधीचा,
होडी कोरायला शिकलेल्या पहिल्या माणसाच्याही आधीचा.
नवी मी.
नवं माझ्या पाठीमागचं शहर,
ज्याला ते नावातच सांगावं लागतं.

बारसं लांबलं.
वंश पुल्लिंगी, तेव्हा शेवटी 'एन्से' चालणार नाही,
'एन्सिस' हवं, परीक्षकानं तांबड्या शाईत कळवलं.
जिवंत नमुने दोन देशांत जमा केले,
दोन दाखले आले, शिक्क्यांसकट.

दादांना म्हटलं, तुमच्या गावाचं नाव दिलंय त्याला.
जाळं निवडता निवडता ते म्हणाले,
"कागुद भेटला त्याला?"
दोन, मी म्हटलं.
ते हसले. बराच वेळ हसले.
"माज्या घराला अजून येक नाय. मोजणीवाले येतान, च्या पितान, जातान."

मला काही सुचलं नाही.
नखात काळं होतं अजून, तेच कोरत बसले.

जाताना त्यांनी हाक मारली.
वल्ह्याच्या टोकावर मूठभर गाळ,
पलीकडच्या नाळीतला.
"ह्यो बघ," नाकाशी धरत म्हणाले,
"ह्याचा वास येगला हाय."