ओळ दोन हजार एक

पहिल्या रात्री आम्ही एकाच बाईला
दोन हजार वेळा आत पाठवलं.
तेच नाव, तोच पासवर्ड, तोच नळजोडणी क्रमांक.
सर्व्हरनं तिला एकदा नीट पाहिलं,
मग एक हजार नऊशे नव्याण्णव वेळा
मान वर न करता
तेच बिल तिच्या हातात ठेवलं.
आलेख तुपासारखा गुळगुळीत.

मुळ्ये सर म्हणाले, ही गर्दी नाही,
हा एकाच माणसाचा हट्ट आहे.
सवलतीच्या शेवटच्या तारखेला
अख्खं इंदूर येईल,
ज्याची त्याची किल्ली घेऊन.
फाइल करा. ओळीला एक माणूस.

खरी नावं वापरायची नाहीत, असा नियम.
म्हणून मी माणसं रचली, स्वल्पविराम देत देत.
यमुना तांबवेकर, लोधीपुरा, अर्धा इंच जोडणी.
मुर्तझा रंगवाला, सियागंज, थकबाकी शून्य.
भागचंद पाटोदी, मल्हारगंज, तीन मजले, तक्रारी सात.
तीनशेच्या पुढं नावं संपली.
मग शाळेचा हजेरीपट आठवला, मग लग्नपत्रिका,
मग जेल रोडवरच्या पाट्या,
आणि आठशेच्या पुढं तर मी नुसती
एकाचं आडनाव काढून दुसऱ्याला घालत होते,
धाकट्याला थोरल्याचा सदरा घालावा तसं.

दुसऱ्या रात्री सगळ्यांची प्रश्नचिन्हं झाली.
यमुनाबाई: सोळा प्रश्नचिन्हं, मध्ये एक मोकळी जागा.
फाइल भलत्याच सांकेतिकेत जपली गेली होती.
ते निस्तरलं, तर त्र्यंबक मुजुमदार अडले.
पत्ता: रामबाग, गल्ली दोन.
त्या स्वल्पविरामानं घर दुभंगलं,
गल्ली पिनकोडच्या रकान्यात जाऊन बसली
आणि पिनकोड थकबाकीत:
चार लाख बावन्न हजार सात रुपये.
बिचाऱ्याचा दोष एवढाच
की पत्ता सांगताना त्यांनी मध्ये श्वास घेतला.
मी त्यांना अवतरणचिन्हांत ठेवलं.

तिसऱ्या रात्री साडेबाराला सगळे निघाले,
सेकंदाला चाळीस.
कुणी बिल पाहिलं, कुणी भरलं,
कुणी पासवर्ड चुकून परत फिरलं
(तेही मीच लिहून ठेवलेलं).
सर्व्हरला धाप लागली.
आलेखाला पहिल्यांदा दात फुटले.
आता कसं, सर म्हणाले आणि घरी गेले.

मी नोंदी मोजत बसले.
आत गेलेले: दोन हजार एक.
लिहिले होते दोन हजार.

शेवटच्या ओळीनंतर माझ्या हातून
एंटर एकदा जास्त दाबलं गेलं होतं.
त्या ओळीला नाव नाही, क्रमांक नाही, पत्ता नाही.
आणि सर्व्हरनं तिला विचारलं काहीच नाही.
नमस्कार, म्हणाला, आणि पुढं कोरी जागा.
देय रक्कम शून्य.
नळजोडणी सुरू.

सुगंधाबाई केर काढायला आली.
बऱ्हाणपूरकडची, माझ्याशी मराठीच बोलते, आपल्या परीनं.
काय भरते बाई तू रातभर?
पाण्याची बिलं, म्हटलं.
आमच्यात नंबरच नाय ना, ती म्हणाली,
खुर्ची सरकवत, खालचं स्टेपलर उचलत.
टँकर येते मंगळवारी.
आली तो आली.

मी दोष नोंदवला. तीव्रता: गंभीर.
कृती: फाइलच्या शेवटी एक रिकामी ओळ ठेवा.
अपेक्षित: बिननावाच्या माणसाला दार उघडू नये.
प्रत्यक्षात: उघडलं.
एकेक शब्द बरोबर होता, दोनदा वाचला.
कर्सर तिथंच उघडझाप करत राहिला,
बादली भरायला लागेल इतका वेळ.
मग पाठवला.

सकाळी नऊला मुळ्ये सरांचा निरोप:
छान पकडलंत. दुरुस्त झालं.
कॅलेंडरकडे पाहिलं.
मंगळवार होता.