बसेल आणि चालेल

नाना पेठेतलं माझं दुकान म्हणजे
एक लेथ, एक सीट कटर आणि गिऱ्हाईक उभं राहील एवढी फरशी.
हर्षल लोणकर कोंढव्याहून आला
तीन खोकी छातीशी धरून :
कॅम बाहेरदेशचा, स्प्रिंगा कोइम्बतूरच्या,
व्हॉल्व्ह राजकोटचे, तोंड दिसेल असे.
"काका, बसेल ना?"

बसेल.
पुण्यात काय बसत नाही?
तुळशीबागेच्या बोळात शनिवारी चारचाकीसुद्धा बसवतात लोक.
खोबणीत कोलेट बसतं, स्टडवर नट बसतो,
माणूस कट्ट्यावर बसतो.
बसलेल्याला कुणी काही विचारत नाही.
तुला विचारायचंय चालेल का,
आणि तू म्हणतोयस बसेल का.

जुना कॅम व्हॉल्व्हला ढकलायचा सव्वासात मिलिमीटर,
हा ढकलतो साडेनऊ.
स्प्रिंग वाइसमध्ये दाबत नेली.
साडेआठला वेटोळ्याला वेटोळं टेकलं.
तिथून पुढे ती स्प्रिंग नाही, नुसता ठोकळा.
मग उरलेला एक मिलिमीटर कोण देणार?
रॉकर देईल, नाहीतर कॅमचं नाक झिजून देईल,
त्या घरात जो सगळ्यात गरीब असेल तो.

"पत्रिका बघा की," इस्माईल कोपऱ्यातून हसला.
पत्रिका लोक हात धुऊन बघतात, म्हटलं,
आण ती माती.

अप्पा बळवंत चौकातली, पोरांच्या खेळण्यातली, हिरवी कांडी.
पिस्टनच्या माथ्यावर थापली, वरून तेलाचं बोट.
हेड आवळलं.
क्रँक हातानं फिरवला, दोन पूर्ण फेरे,
झोपलेल्या घरातून चालावं तसा.
उघडलं तर मातीत दोन चंद्रकोरी.
ब्लेडनं कापून मोजली :
इनटेकखाली पाऊण मिलिमीटर.
तीन पोस्टकार्डं एकावर एक, बस.
आणि हे थंड इंजिनात, हातानं.
आठ हजारला साखळी सैलावते, लोखंड लांबतं,
पोस्टकार्डं उडून जातात.

"पण काका, एकेक पार्ट कंपनीपेक्षा भारी आहे."
आहे ना.
सगळेच भारी आहेत.
आजवर एकमेकांना भेटले नव्हते, एवढंच.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक वाकडा व्हॉल्व्ह आहे,
दुकानाच्या किल्ल्या त्याला अडकवतो.
पंच्याण्णव साल. मुंढव्याचा सुरेंद्र कोद्रे.
दुपारचा दीड वाजलेला, डब्यात मेथी,
आणि मी न मोजता म्हणालो होतो, बसेल.
कात्रजच्या जुन्या बोगद्याअलीकडे मागचं चाक जाम झालं.
उजवा गुडघा.
पुढे एकदा दिसला भवानी पेठेत,
रिक्षातून उतरताना पाय आधी हातानं उचलून बाहेर ठेवत होता.
त्यानं ओळख दाखवली नाही.
मीही गॅसकेट मोजत राहिलो.

यातलं हर्षलला काही सांगितलं नाही.
किल्ल्या काढल्या, ड्रॉवर लावला.

पंधरा दिवसांनी तो आला पावणेआठचा कॅम घेऊन.
साडेनऊचा विकला की कपाटात ठेवला, मी विचारलं नाही.
पिस्टनच्या खिशात एक मिलिमीटर खोल उतरलो,
कोलेटचा कोन जुळवला,
परत माती, परत दोन फेरे.
या वेळी कोरीखाली जाड हिरवं उरलं.

इंजिन लागलं.
आता आत, आठ हजारला,
मिनिटात चार हजार वेळा
पिस्टन वर येईल, व्हॉल्व्ह खाली झुकेल,
आणि भेटता भेटता राहतील.
चाळीस वर्षांची माझी कारागिरी
त्या न लागण्यात आहे. ती बिलावर लिहिता येत नाही.
बिलावर लिहिलं : हेड काम, मजुरी.

हेल्मेटची पट्टी लावता लावता त्यानं विचारलं,
"काका, चालेल?"
पाचशे किलोमीटर हळू चालव, म्हटलं.
मग ये. टॅपेट बघू.